वेचणीची ओटी

हिवाळा लागला की आमच्या घरात कापूस सगळीकडून यायचा. तो आमच्या मालकीचा नव्हता, आमच्याकडे शेतच नव्हतं. माय वेचणीला जायची, तिच्या लुगड्याला चिकटून यायचा. बा जवळा बाजारच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हंगामी कामाला होता, त्याच्या भुवयांत आणि कानाच्या केसांत अडकून यायचा. संध्याकाळी बा दारातल्या दगडावर बसून तोंड धुवायचा तेव्हा पाण्यावर पांढरी तवंगासारखी मऊ साय तरंगायची. आमचं गाव जवळा बाजारहून चालत पाऊण तासावर, सिद्धेश्वरच्या कालव्याच्या अलीकडे. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, हिंगोली नंतर झाला. सकाळी मला जाग यायची ती माय चुलीसाठी कापसाच्या वाळक्या झाडांची पऱ्हाटी गुडघ्यावर मोडायची त्या कडाकडा आवाजानं. मग धूर, मग भाकर थापल्याचा आवाज, मग विहारातल्या कर्ण्यावरची वंदना. माय फडक्यात दोन भाकरी बांधायची, एकीत लसणाचा ठेचा आणि दुसरीत आदल्या दिवशीची आंबाडीची भाजी. माझ्यासाठी येसराची आमटी झाकून ठेवायची आणि निघायची. जाताना एकच वाक्य असायचं, "सुजे, कडी लावून जाय."

मी नववीत होते आणि चित्रं काढायची. जास्वंद, कळशी घेतलेली बाई, डोंगरामागचा सूर्य. आमच्याकडे डोंगर नव्हताच, पण चित्रात तो लागतो अशी माझी समजूत होती. जवळा बाजारच्या हायस्कुलात चित्रकलेला कदम सर होते. शांत माणूस. त्यांनीच त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तीन पाहुणे आणले. पुण्याचे. सरांचा शिकतानाचा एक मित्र त्यांच्यात होता, तो पुस्तकांची मुखपृष्ठं करायचा. दुसरे घरांचे आराखडे काढणारे वयस्कर दिवाकरकाका. तिसऱ्या नीलिमाताई. तिघं आपापल्या रजा टाकून, स्वतःच्या खर्चानं आले होते. दहा दिवस शाळेच्याच एका खोलीत सतरंज्या टाकून झोपायचे आणि कदम सरांच्या घरी जेवायचे. कशासाठी, हे गावात कोणालाच नीट कळलं नाही. काही जण म्हणाले शाळेला रंग द्यायला आलेत.

पहिल्या दिवशी नीलिमाताईंनी झोळीतून एक पक्कड काढली, चुलीवरचं पातेलं उतरवायची साधी पक्कड, आणि टेबलावर ठेवली. विचारलं, "ही अशीच का आहे? हिचा दांडा एवढाच लांब का? हे कोणी ठरवलं?"

मग मागून कोणीतरी म्हणालं, "कंपनीनं."

"कंपनी म्हणजे कोण?"

ताई म्हणाल्या, "कुणीतरी एक माणूस. त्यानं आधी हे कागदावर काढलं, मग करून बघितलं, मग चुकलं, मग परत काढलं. माझं काम तेच आहे. मी कुकरच्या मुठी काढते. दवाखान्यातल्या चाकाच्या खुर्च्या काढते."

मला ते काम चित्रकलेपेक्षा हलकं वाटलं. एवढी शिकलेली बाई आणि मुठी काढते. आज हे लिहिताना हसू येतं, कारण गेली वीसएक वर्षं माझं पोट अशाच मुठींवर चाललं आहे.

त्यांनी आम्हाला काम दिलं. घरात कोणाला कोणत्या वस्तूची तकलीफ होते ते बघायचं, त्या वस्तूचं चित्र काढायचं आणि ती बदलून दाखवायची. मी घरी जाऊन मायला विचारलं, "तुला कशाची तकलीफ हाय?" ती म्हणाली, "तुही. उठ, पाणी आण." दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, "कंबरीची. वट्टीचं वजन सगळं कंबरीवर येतं."

वट्टी म्हणजे ओटी. वेचणाऱ्या बाया जुन्या लुगड्याचा तुकडा कमरेला बांधून त्याची पुढे झोळी करतात. वेचलेला कापूस त्यात टाकत जायचं, भरली की शेताच्या कडेला धुऱ्यावर जाऊन गाठ सोडायची, तिथं पसरलेल्या जाड कापडाच्या मोठ्या पाल्यावर कापूस ओतायचा आणि परत बांधायची. दिवसातून किती वेळा, ते मी कधी विचारलं नव्हतं.

मी लगेच कामाला लागले. शाळेच्या जुन्या परकराचं कापड घेतलं, दप्तरासारखा एक पट्टा लावला, गळ्यात अडकवायला. पुढे दोन खिसे लावले, ते कशाला ते मलाही सांगता आलं नसतं. खिशांवर लाल दोऱ्यानं जास्वंद भरली. वर्गात सगळ्यांनी वाहवा केली. ताईंनी मात्र एवढंच विचारलं, "आईनं वापरून बघितली?"

दुसऱ्या दिवशी मायनं ती घातली. माझा हट्ट होता म्हणून. शाळेला जाताना मी वाट वाकडी करून बापूरावांच्या वावराकडे गेले, बघायला. बापूराव गावातले मोठे शेतकरी, कालव्याकाठची काळी जमीन त्यांची. बाया पाती, म्हणजे झाडांच्या ओळी, धरून वेचत होत्या. मायच्या गळ्यात माझी पिशवी लोंबत होती आणि प्रत्येक पावलाला पऱ्हाटीत अडकत होती. वजनानं तिची मान खाली ओढली गेली होती. टोळीची मुकादमीण गयाबाई, साठीची, तोंडाची फटकळ, तिनं मला बघून मायला मोठ्यानं विचारलं, "प्रयाग, शाळंत चाल्लीस का गं?" सगळ्या बाया हसल्या. माय पण हसली. मग तिनं ती पिशवी काढली, नीट घडी करून भाकरीच्या फडक्याशेजारी ठेवली आणि जुना तुकडा कमरेला बांधला.

मी शाळेत रडले. पिशवी फसली याचं दुःख होतंच, पण मायनं तिची घडी घातली ते जास्त लागलं. ताई शेजारी येऊन बसल्या. समजूत वगैरे काही काढली नाही. म्हणाल्या, "कापूस कधी वेचला आहेस?"

"लहानपणी. थोडा."

"मग दोन दिवस वेच. शाळेचं मी कदम सरांना सांगते. पिशवीचा विचार करू नकोस. फक्त हात बघ."

मी दोन दिवस मायच्या शेजारची पात धरली. सकाळी बोंडं दवानं भिजलेली असायची, बोटं बधिर व्हायची. ऊन चढलं की वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी नखांच्या कडेला घुसायची. हे सगळं मला ऐकून माहीत होतं. माहीत नव्हत्या त्या दुसऱ्याच गोष्टी. ओटी अर्धी भरली की माय डावा हात पाठीमागे कमरेवर दाबायची आणि उजव्या एकट्या हातानं वेचायची. बाकीच्या बायाही तेच करायच्या. म्हणजे अर्धा वेळ त्या एका हातानं काम करत होत्या. आणि ओटी रिकामी करताना दवानं ओली झालेली गाठ सुटायची नाही, तेव्हा माय मान वाकवून ती दातांनी सोडायची. मायच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला होता. तो मी जन्मापासून बघत होते. तो कशानं उडाला हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकर खाताना मी मातीत काडीनं रेघा ओढत बसले होते. दोन्ही खांद्यांवरून पट्टे घेतले आणि पाठीवर फुली केली तर वजन कमरेवरून निघेल, इथपर्यंत माझं आलं होतं. पण रिकामी करायचं कोडं सुटेना. माय शेजारी बसून बघत होती. ठेच्याचं बोट चाटत म्हणाली, "वरून काहून काढतीस? खालून काढ की. परकराला नाडी असती, तसी बुडाला नाडी लाव. सुरगाठ मारायची. पाल्यावर उभं राहायचं अन् वढायची. पडंल सगळं खाली."

मी काडीनं मातीतल्या झोळीच्या बुडाला नाडी काढली. तिनं भाकरीचा उरलेला तुकडा माझ्या हातात दिला. "खाय. मालक येतील."

शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी मी कापड बेतलं आणि मायनं टोळीतून आल्यावर वाकळीच्या जाड सुईनं शिवलं. कापड तिच्याच जुन्या सुती लुगड्याचं. मी खताच्या पोत्याचं करू म्हणत होते, मजबूत म्हणून, पण ती म्हणाली पोतं पोटाला घासतं आणि घाम धरतं. रविवारी सकाळी तिनं ओटी घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या, वाकली, उठली. मग जुना तुकडा घरीच ठेवला, त्यावरून मी समजले.

त्या दिवशी मीही तिच्याबरोबर वावरात होते. सकाळभर सगळं बेस चाललं. माय दोन्ही हातांनी वेचत होती. पाल्यावर उभी राहून तिनं पहिल्यांदा नाडी ओढली आणि कापूस एकदम खाली आला, तेव्हा दोघीतिघी वेचायच्या थांबून बघायला आल्या. गयाबाईनं नाडी स्वतः ओढून बघितली आणि "हं" म्हणाली. तिच्या तोंडून एवढंच म्हणजे पुष्कळ होतं.

दुपारी बापूराव मोटारसायकलवर आले. पाल्याजवळ थांबले. मायकडे बघून म्हणाले, "हे काय नवीन?"

"वट्टी हाय, मालक. पोरीनं शाळंत केली."

"खाली काय लोंबून राहिलं?"

"नाडी. वढली की कापूस पडतो."

बापूराव शांतपणेच म्हणाले, "म्हंजे चोरकप्पा."

मला वाटलं आता माय काहीतरी म्हणेल. तिनं खांद्यांवरून पट्टे काढले, ओटी उलटी केली, आतली बाजू बाहेर, आणि बापूरावांच्या पायाशी पाल्यावर ठेवली. दोन चिकटलेली बोंडं होती, तीही काढून ठेवली. बापूराव म्हणाले, "तसं न्हाई म्हणत मी तुला. पण वावरात असलं आणायचं न्हाई. एकीनं आणलं की सगळ्या आणतील." गाडी सुरू करून ते गेले. मायनं डोक्याचा फडका सोडला, तो कमरेला बांधला आणि संध्याकाळपर्यंत वेचलं. मीही वेचलं. मान वर करायची माझी हिंमत झाली नाही. बापूरावांची वर्षा माझ्याच वर्गात होती आणि सोमवारी तिच्यासमोर कसं जायचं, हे मी पातभर घोकत होते.

घरी आल्यावर मी ओटी चुलीत घालायला निघाले. मायनं हात धरला. "कापडानं काय केलं?" म्हणाली आणि ती खुंटीला टांगली. बाला सगळं कळलं तेव्हा तो तोंड धुता धुता एवढंच म्हणाला, "मंग काहून जाता असल्या फंदात." त्याचं चुकत नव्हतं. हंगाम तीन महिन्यांचा, आणि वावरं मोजकीच.

सोमवारी उजाडता उजाडता गयाबाई दारात उभी. ती आमच्या वस्तीत फारशी यायची नाही. ती बापूरावांच्या भावकीतली होती, नवरा लवकर गेला, वाटणीत जमीन आली नाही, म्हणून ती मुकादमीण झालेली. बापूराव तिला काकू म्हणायचे. ती उंबऱ्याशीच थांबली. म्हणाली, "प्रयाग, ती वट्टी दे."

"काहून, बाई?"

"मी घालते. बघू मला काय म्हणतो ते."

मायनं खुंटीवरची ओटी काढून दिली. गयाबाईनं ती तिथंच अंगात घातली, पट्टे ओढून बघितले आणि पुढे चालू लागली. दुपारी काय झालं ते मला मायनं सांगितलं. बापूराव आले, त्यांनी गयाबाईकडे बघितलं. गयाबाई म्हणाली, "तपास मला. नाडी सोड." बापूराव हसले, म्हणाले, "काकू, तुमी बी काय." आणि गेले. संपलं. दुसऱ्या दिवसापासून कोणी काही म्हणालं नाही.

सगळ्या बाया खूश होत्या. माय मात्र भाकर थापताना मला म्हणाली, "तिनं घातली तं वट्टी. मी घातली तं चोरकप्पा." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. थोड्या वेळानं म्हणाली, "पर बाई आली. सकाळच्या पारी, आपल्या दारात आली. ते बी खरं हाय." आयुष्यात पुढे मी पुष्कळ हुशार माणसांना न्याय-अन्यायावर बोलताना ऐकलं. दोन्ही गोष्टी एका दमात धरणारं कोणी फारसं भेटलं नाही.

हे सगळं मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या लाल झाल्या. बापूरावांकडे जाऊन बोलते म्हणाल्या. कदम सरांनी थांबवलं. "ताई, तुम्ही बुधवारी पुण्याला जाणार. तिला इथं राहायचं आहे." मग ताई मला म्हणाल्या, "आईला शाळेत आणशील? शेवटच्या दिवशी. ओटी तिनं केली आहे, तिनंच सांगायला हवं."

मी हो म्हणाले, पण मनातून मला ते नको होतं. हे लिहायला जड जातं, तरी लिहिते. मायच्या हातांना चिरा पडलेल्या, दात तुटका, बोलणं वेचणीच्या वावरातलं. मुख्याध्यापक असतील, वर्षा असेल. मी घरी तिला निरोप असा सांगितला की तिनं नाही म्हणावं. "बोलावलंय, पर रोज बुडंल तुहा." ती म्हणाली, "बुडू दे एक रोज." आणि पेटीतलं हिरवं लुगडं काढलं.

वर्गात तिला खुर्ची दिली होती. ती खुर्चीवर बसली नाही, जमिनीवर बसली, कारण ओटी कशी चालते ते उठून-बसून दाखवायचं होतं. ताई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. मग दिवाकरकाका गुडघे धरत खाली बसले. मुख्याध्यापक एकटेच खुर्चीवर उरले, तेव्हा तेही उतरले. मी मागच्या बाकाच्या आडोशाला होते. माय आधी अडखळली. मग तिनं गयाबाईकडून परत आणलेली ओटी हातात घेतली आणि तिची भीड चेपली. कुठं वजन येतं, कुठं पट्टा घासतो, नाडी किती लांब पाहिजे, सगळं सांगितलं. मुलं ऐकत होती. त्यातल्या अर्ध्यांच्या आया वेचणीला जायच्या.

मग वर्षानं हात वर केला. मी बाकाआड आणखी खाली सरकले. वर्षा म्हणाली, "मावशी, नाडी काहून? बटण काहून न्हाई लावलं?"

तिनं मावशी म्हटलं होतं. माय तिच्याकडे वळून म्हणाली, "सकाळी दव असतं, बाळा. बोटं ओली अन् गारठलेली. ओल्या हातानं बटण निघत न्हाई. नाडी निघती."

ताई उठल्या आणि खडूनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ओल्या हातानं बटण निघत नाही.' म्हणाल्या, "आम्ही पाच वर्षं कॉलेजात हे शिकतो. वस्तू काढण्याआधी हात बघायचा." मायला वाचता येत नव्हतं. तिनं मान वळवून मला शोधलं आणि विचारलं, "काय लिवलं गं?" मी बाकामागून पुढे आले, सगळ्यांच्या मधून, आणि तिच्याजवळ बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. "हे तं मीच म्हणलं," माय म्हणाली, आणि वर्ग हसला. या वेळचं हसू वेगळं होतं.

पाहुणे गेले. नीलिमाताईंची पत्रं येत राहिली, वर्षाला तीन-चार. त्यांनी कळवलं की अशा कामाचं शिक्षण देणारी मोठी संस्था परराज्यात आहे, बारावीनंतर परीक्षा असते, निवड झाली तर शिष्यवृत्तीही मिळते. बाच्या मनात डी.एड. होतं. मास्तरीण झाली की पगार, पगार झाला की सगळं. "मुठी काढून कोण पोट भरतं?" तो म्हणायचा. कदम सर दोनदा घरी येऊन बसले, चहा पिऊन गेले. शेवटी बा परीक्षेला घेऊन गेला खरा, पण परत येताना गाडीत म्हणाला, "झालं ना मनासारखं? आता फॉर्म भर."

मी पहिल्या वर्षी नापास झाले. चित्रं सुंदर काढली होती, जास्वंदीसारखी. डी.एड.च्या फॉर्मची मुदत मी मुद्दाम जाऊ दिली, त्यावरून बा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. ते वर्ष मी गावातल्या बालवाडीत मदतनीस म्हणून काढलं आणि हंगामात मायच्या टोळीत वेचणी केली. दुसऱ्या वर्षी परीक्षेत विचारलं होतं की उभ्यानं काम करणाऱ्या माणसाला बसायला काहीतरी काढा. मी पहिला अर्धा तास काहीच काढलं नाही. जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाशेजारी बा कसा उभा राहतो, कोणत्या पायावर आधी भार देतो, ते आठवत बसले.

निकालाचं पत्र उन्हाळ्यात आलं. पोस्टमननं ते विहाराजवळच मला दिलं. मी घरी येऊन वाचून दाखवलं, माझी निवड झाली होती. मायनं पत्र हातात घेतलं, पालथं करून पाहिलं, परत दिलं. बानं ऐकून घेतलं आणि पत्र खिशात घालून बाहेर पडला. त्या उन्हात तो चालत जवळा बाजारला कदम सरांकडे गेला. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं त्याला, हे सरांनी मला नंतर सांगितलं. दोनदा वाचायला लावलं म्हणे.

तो परत आला तेव्हा उन्हं कलली होती. त्यानं पत्र खिशातून काढून डब्यात ठेवलं, सदरा काढून दोरीवर टाकला, दगडावर बसून तोंड धुतलं. टॉवेलनं मान पुसता पुसता त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, "तिकडं थंडी लई असती का?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "असंल."

"मंग तिला एक स्वेटर घ्यावं लागंल," तो मायला म्हणाला.